किल्लीला हात लावण्याआधी : उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीची तयारी

काही वर्षं झाकून ठेवलेली जुनी गाडी पुन्हा रस्त्यावर काढायची ठरली की पहिला मोह होतो तो नवी बॅटरी बसवून एकदा सेल्फ मारून बघण्याचा. तो आवरा. उभ्या गाडीत जे बिघडलेलं असतं त्यातलं बरंचसं थोडक्यात निस्तरता येतं, पण तसंच ठेवून इंजिन फिरवलं की खर्च दुप्पट होतो. गंजाने चिकटलेली पिस्टन रिंग तेलात भिजवली तर सुटते, सेल्फच्या जोराने ओढली तर मोडते. टाकीतला गंज टाकीत आहे तोवर टाकीपुरता प्रश्न असतो, पेट्रोलबरोबर ओढला गेला की पंप आणि कार्बोरेटरही खोलावा लागतो. म्हणून या यादीत किल्ली जवळजवळ शेवटी येते. यादी कार्बोरेटर आणि पॉइंटच्या (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारे उघडझाप करणारे संपर्क) पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलचं प्रकरण वेगळं.

सगळ्यात आधी त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा, छापील नसेल तर स्कॅन केलेलं चालेल. त्यातून प्लगची गॅप, पॉइंटची गॅप, टॅपेटचं क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट), फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम), कुठलं तेल किती लागतं, एवढे आकडे एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून समोर चिकटवा. तेलकट हातांनी पानं उलटत बसायची वेळ येत नाही.

मग पाने. गाडीचे नट इंची आहेत की मिलिमीटरचे, हे पक्कं केल्याशिवाय एकही नट सोडू नका. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी. त्या नटावर 13 चा पाना बसतो आणि नट सैल असेल तर सुटतोही, त्यामुळे चालतंय असं वाटतं. गंजलेल्या नटावर मात्र तेवढी ढील पुरते. पाना सटकतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि दहा मिनिटांचं काम छिन्नी-हातोड्यावर जातं. उलट पाऊण इंच म्हणजे 19.05 मिमी, तिथे 19 चा पाना बिनधास्त लावा. फार जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ नट भेटतात. त्यांच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नव्हे, त्यामुळे नेहमीच्या पान्यांशी त्याचा मेळ घालायला जाऊ नका. अडलेल्या नटाला सहा कोनी गोटीच (सॉकेट) लावा, बारा कोनी नको. जे नट सोडायचे आहेत त्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

सुरक्षिततेचं थोडक्यात, पण इथे सूट नाही. गाडीखाली शिरायचं तर घोडे म्हणजे जॅक स्टँड हवेतच, तेही सपाट आणि टणक जमिनीवर. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर तोललेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते, म्हणून पेट्रोल काढण्याचं काम उघड्यावर करा, पिटवर किंवा बंद गॅरेजमध्ये नको. आग विझवायचा सिलिंडर हाताच्या अंतरावर हवा, गाडीच्या डिकीत नको. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडा, अर्थची म्हणजे बॉडीला जोडलेली केबल आधी. जोडताना तीच सगळ्यात शेवटी.

आता टॉर्च घेऊन एक संथ फेरी, हात न लावता. उंदरांना एअर क्लीनरचा डबा फार आवडतो. झाकण उघडलं की चिंध्या, कागद, सीटमधला स्पंज असा सगळा संसार निघतो. एक्झॉस्टचं तोंड आणि हीटरचा पाइपही बघून घ्या. वायरिंगचं वेष्टन जिथे कुरतडलेलं दिसेल तिथे लगेच खूण करा, नंतर ती जागा सापडत नाही. सोडण्याआधी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा, विशेषतः कार्बोरेटरच्या लिंकेजचा आणि व्हॅक्यूम पाइपांचा. आपल्या लक्षात राहील असं सगळ्यांनाच वाटतं.

पेट्रोलकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण उभ्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. पेट्रोलमधले हलके, चटकन पेटणारे घटक आधी उडून जातात आणि मागे चिकट राळ उरते. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा झोंबणारा वास न येता जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास आला तर ते पेट्रोल गाडीच्या कामाचं नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर आणखी एक कटकट: इथेनॉल हवेतला ओलावा ओढतो, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात. पेट्रोल ओढणारा पिकअप पाइप नेमका तळाजवळ असतो. म्हणजे पहिला घोट पाण्याचा, आणि तळाचा पत्रा एवढे दिवस त्यातच बुडालेला. टाकीला ड्रेन प्लग असेल तर पारदर्शक बाटलीत थोडं काढून तासभर ठेवून द्या. तळाशी वेगळा थर किंवा विटकरी गाळ बसला तर टाकी उतरवावीच लागेल. वरून ताजं पेट्रोल ओतून जुनं पातळ करण्याचा उपाय अनेक जण सांगतात, मला तो अजिबात पटत नाही.

रबरी पाइप दिसायला बरे असले तरी बदला. जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही. बाहेरून पाइप धड वाटतो, वाकवला की बारीक चिरा उघडतात, आणि इंजिन गरम असताना त्यातून पेट्रोल ठिबकलं तर पुढे काय होईल ते सांगायला नको. नवा पाइप इथेनॉल चालणारा आहे का हे त्याच्यावरच्या छापावरून बघून घ्या, क्लिपाही नव्या लावा. कार्बोरेटरचा फ्लोटचा (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) कप्पा उघडला की तळाशी पिवळसर राळ किंवा हिरवी-पांढरी पूड दिसते. जेट म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे तुकडे क्लीनरने आणि हवेने साफ करा, तारेने टोकरू नका. जेटचं भोक मोजून पाडलेलं असतं, तारेचा ओरखडा त्याचं माप बिघडवतो. फ्लोट हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलेला आहे, तरंगणार नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होत राहील.

आता ब्रेक. गाडी चालू होण्याआधी ती थांबते का हे बघायचं, हा क्रम कुणी काही म्हणो, बदलू नका. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलं की प्रमाणित किमान आकडा 155 वर येतो, तोही जेमतेम 3.7 टक्के पाण्यात. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळलं की पेडल सरळ तळाला जातं. शिवाय तेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं. त्यामुळे ऑइलचा रंग कसाही असो, सगळं काढून नवं भरा. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. डॉट 5.1 मात्र ग्लायकॉलचंच, नावावरून फसू नका. आणि मडगार्डवर ओलं फडकं टाकून ठेवा. ब्रेक ऑइल रंगाची साल काढतं, सांडलं की लगेच पाण्याने धुवा.

नवं ऑइल भरून ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबायची सवय या एका प्रसंगी सोडा. मास्टर सिलिंडरचं (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सील एवढी वर्षं ठरावीक टप्प्यातच फिरलेलं असतं. त्याच्या पुढचा भाग गंजलेला असतो, आणि पेडल पूर्ण दाबलं की सील त्या खरखरीत भागावर घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, काम तेवढ्यातच होतं. ड्रम उघडले की व्हील सिलिंडरचं रबरी बूट हलकेच उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. रबरी होज बाहेरून धड असून आतून फुगलेले असू शकतात. मग पेडल सोडलं तरी ब्रेक सुटत नाही आणि चाक तापतं. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते, ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा. बऱ्याच जुन्या गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच सर्किट असतं, म्हणजे एक पाइप गेला की सगळेच ब्रेक गेले. अशा गाडीत हँडब्रेक खरोखर धरतो का, हे आधी तपासा.

इंजिनाचं काम त्यामानाने सोपं, फक्त धीर हवा. प्लग काढा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा आणि रंग बघा. कोरडा बदामी रंग उत्तम, तेलकट काळा असेल तर तो सिलिंडर लक्षात ठेवा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावा आणि इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने सावकाश फिरवा. दोन पूर्ण फेरे अडथळ्याशिवाय झाले तर सुटलात. अडलं तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा आणि थांबा. कॅमशाफ्टला पट्टा असेल तर इंजिन चालू करण्याआधी तो बदला. पट्टा वयानेही मरतो, किलोमीटर कमी झालेत हे कारण तिथे चालत नाही.

डिपस्टिक काढून तेल बोटावर चोळा. दुधाळ असेल तर पाणी मिसळलंय. पातळ असून पेट्रोलचा वास आणि पातळी वर आलेली असेल तर मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटलाय, पंप दुरुस्त केल्याशिवाय नवं तेल भरण्यात अर्थ नाही. तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच. गिअरबॉक्सला मॅन्युअल जीएल-4 प्रतीचं तेल म्हणत असेल तर जास्त आकड्याचं म्हणून जीएल-5 भरू नका, त्यातली काही रसायनं गिअर जुळवून घेणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना त्रास देतात. कूलंट बदला आणि होज चिमटीत दाबून बघा. कडक झालेला आणि दाबल्यावर करकरणारा होज जितका वाईट तितकाच स्पंजासारखा झालेला. जुनं कूलंट उघड्या ताटलीत ठेवू नका, ते गोड लागतं आणि कुत्र्यामांजरांना मारतं.

विजेचं बघताना बॅटरी बसवण्याआधी दोन प्रश्न: किती व्होल्ट, आणि बॉडीला कुठलं टोक? फोक्सवागन बीटल 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत 6 व्होल्टची होती, आणि कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं. 12 व्होल्टची चांगली, पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास ठेवून मोजली तर 12.6 च्या आसपास दाखवते. पॉइंटवर राखाडी थर धरलेला असतो, बारीक पॉलिश पेपर फिरवा, पूड पुसा आणि फिलर गेजने गॅप लावा. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर जुना चालता असेल तर फेकू नका, नवा म्हणजे चांगलाच असं या एका भागाबाबत तरी मी म्हणणार नाही. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज घालणं म्हणजे वायरिंगलाच फ्यूज करणं.

आता किल्ली, पण प्लग अजून बाहेरच. कॉइलची पातळ वायर सोडा आणि सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मध्ये विश्रांती देत, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत किंवा काटा हलेपर्यंत. मग प्लग लावा, कॉइल जोडा, एअर क्लीनर बसवा. पेट्रोल टाकीतून न घेता पंपाला छोट्या डब्यातून ताजं द्या, डबा इंजिनापासून लांब बांधून. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचा शॉर्टकट नको. इंजिनाने उलटा फटका दिला तर ज्वाळा तिथूनच बाहेर येते.

चालू झाल्यावर सुरुवातीचा निळा धूर आपणच ओतलेल्या तेलाचा असतो, तो थोड्या वेळात थांबला पाहिजे. पांढरा, गोडसर वासाचा धूर चालूच राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी उतरत गेलं तर हेड गॅस्केटकडे बघा. अल्टरनेटरची 12 व्होल्टची गाडी असेल तर बॅटरीवर 14 च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. डायनॅमोची गाडी आयडलिंगला नीट चार्ज करत नाही, दिवा मिणमिणला तर घाबरू नका. क्लच दाबूनही गिअर खरखरत असेल तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते.

टायरवर नक्षी शिल्लक आहे यावर जाऊ नका. 2000 पासूनच्या टायरवर चार आकडी कोड असतो, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. कोड तीनच आकडी असेल तर तो टायर मागच्या शतकातला आहे, बदला. एका ॲक्सलवर रेडियल आणि क्रॉसप्लाय असे दोन वेगळ्या बांधणीचे टायर मिसळू नका.

पहिली फेरी जवळच्या रिकाम्या रस्त्यावर, हळू, दर थोड्या अंतराने ब्रेक दाबत. परत आल्यावर चारही ड्रमजवळ हात न टेकवता धरून बघा, एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. चाकांचे नट पुन्हा आवळा. गाडी उभी करताना खाली मोठा पुठ्ठा पसरा आणि त्यावर चाकांच्या जागा पेनाने आखा. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. मध्यभागी काळा थेंब असेल तर तो जुन्या गाडीचा स्वभाव म्हणून काही दिवस सोडून देता येईल. चाकाच्या आतल्या बाजूला, जवळजवळ रंगहीन आणि बोटाला बुळबुळीत काही लागलं तर ते ब्रेक ऑइल आहे. गाडी जागची हलवू नका आणि तो ड्रम पुन्हा उघडा.