आरव्हीत वॉशर-ड्रायर बसवायचाय? आधी टेप घेऊन दारापाशी जा

दर रविवारी क्वार्टर्सची (पाव डॉलरच्या नाण्यांची) पिशवी घेऊन लाँड्रोमॅटला, म्हणजे नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात, जाऊन बसायचा कंटाळा आला म्हणून आम्ही आमच्या आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत (आमची फिफ्थ व्हील, पिकअप ट्रकला जोडून ओढायची) वॉशर-ड्रायर बसवला, स्वतःच, दोघांनी, दोन दिवसांत. मशीन जोडणं फार अवघड नाहीये, नळ-ड्रेन-प्लग एवढंच असतं. घोळ होतो तो आजूबाजूच्या गोष्टींत, म्हणून त्याच जरा सविस्तर लिहिते.

आधी मापं. आरव्हीवाली कॉम्बो मशीन्स, म्हणजे एकाच ड्रममध्ये धुणं आणि वाळवणं, साधारण २३-२४ इंच रुंद असतात आणि वजन दीडशे पौंडाच्या आसपास. आता तुमचं दार मोजा, पण चौकट नाही, दार पूर्ण उघडल्यावर जेवढी मोकळी जागा उरते ती. आम्ही मशीन जिथे बसवायचं ते कपाट नीट मोजलं, दार मोजलं, बाथरूमपाशी जिथे बेडरूमकडे जायच्या दोन पायऱ्या वळतात ती जागा मात्र राहिली. मशीन तिथे अडकलं. नवरा वर, मी खाली, मध्ये धूड, आणि तो विचारतोय, "अगं, तिरकं केलं तर?" शेवटी बाथरूमचं दार बिजागऱ्यांतून काढलं तेव्हा कुठे सुटलं. तर सगळा रस्ता मोजा, पुठ्ठ्याचा त्याच मापाचा खोका करून आधी फिरवून बघितलात तर अजूनच बरं.

बऱ्याच मोठ्या गाड्यांमध्ये कंपनीनेच 'वॉशर-ड्रायर प्रेप' करून दिलेलं असतं, म्हणजे कपाटात मागे एका पॅनलमागे गरम-गार पाण्याचे नळ, ड्रेनचा उभा पाइप आणि वेगळा प्लग पॉइंट, कधीकधी ड्रायरची दमट हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंटची सोयपण. हे असेल तर अर्धं काम झालं समजा. नसेल तर प्लंबिंग-वायरिंग सगळं नव्याने, आणि वायरिंग जमत नसेल तर तेवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, तिथे काटकसर नको.

विजेचं गणित सोपं आहे. ३० अँपचं कनेक्शन घेणारी गाडी म्हणजे १२० व्होल्टवर एकूण ३६०० वॉट, बस. एसी चालू, त्यात वॉटर हीटर इलेक्ट्रिकवर आणि वर ड्रायर लावलात की ब्रेकर पडणारच. ५० अँपमध्ये १२० च्या दोन लाइन येतात, एकूण १२,००० वॉट, तिथे एवढा विचार करावा लागत नाही. ३० वाल्यांनीही कॉम्बो घ्यायला हरकत नाही, फक्त ड्रायर चालू असताना मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही. घरातला मोठा २४० व्होल्टचा ड्रायर इथे आणू नका, त्यासाठी लागणारी लाइन गाडीत सहसा नसतेच.

व्हेंटवाला की व्हेंटलेस? व्हेंटलेसला भिंतीला भोक पाडावं लागत नाही हा मोठा फायदा, पण कपडे वाळायला तासन् तास जातात आणि बऱ्याच मॉडेलमध्ये वाफ गार करायला वाळवतानासुद्धा पाणी वापरलं जातं. व्हेंटवाला लवकर वाळवतो. आम्ही व्हेंटवाला घेतला. डक्ट (हवा बाहेर नेणारा पाइप) शक्य तेवढा आखूड आणि सरळ ठेवा, आत स्क्रू घुसवू नका कारण त्यांना लिंट (कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू) अडकतं आणि लिंट पेटतं, आणि हवा गाडीच्या पोटात न सोडता थेट बाहेर काढा. बाहेरच्या झाकणाला मागून ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि कडेने सीलंट, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीत मुरून प्लायवुड कुजतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

जमीन ठणठणीत हवी. स्पिनला मशीन नाचतं, आम्ही खाली पाऊण इंची प्लायवुड टाकलं, त्यावर ड्रेन पॅन, त्यावर मशीन. प्लायवुडला स्क्रू मारण्याआधी खाली वाकून बघा, तिथे टाकी, पाइप किंवा वायर असू शकते! मागचे ट्रान्झिट बोल्ट (ने-आण करताना ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढल्याशिवाय मशीन चालवायचं नाही, आणि काढलेले बोल्ट फेकू नका, मशीन कधी हलवायचं झालं तर लागतात. खाली पुढे पंपाचा फिल्टर असतो, त्याच्यासमोर फळी ठोकून टाकू नका, नाणी आणि हेअरपिना तिथेच सापडतात.

आता ड्रेन, आमची खरी फजिती इथेच झाली. मशीनचा पाइप उभ्या पाइपमध्ये सैल सोडायचा, टेपने हवाबंद करायचा नाही, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीपेक्षा खाली तर अजिबात नाही, नाहीतर एकीकडे पाणी भरतंय आणि दुसरीकडून सायफनने निघून जातंय असं चालू राहतं. हे सगळं आम्ही बरोबर केलं होतं. पण पहिल्याच दिवशी ग्रे टँकचा, म्हणजे आंघोळीचं-धुण्याचं सांडपाणी साठवणाऱ्या टाकीचा, व्हॉल्व्ह बंद होता. एका धुण्याला ढोबळमानाने १० ते १५ गॅलन पाणी जातं, टाकी आमची ४० गॅलनची, त्यात सकाळच्या दोन आंघोळी आधीच. दुसऱ्या लोडला बाथरूममधून गुडगुड आवाज आला, जाऊन बघते तर शॉवरच्या ट्रेमध्ये फेसाचं काळपट पाणी वर चढतंय. टाकी भरली की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं, आणि गाडीत ते तोंड म्हणजे शॉवर. तेव्हापासून सीवर हुकअप (गाडीचं सांडपाणी थेट गटारात सोडायची जोडणी) असल्याशिवाय धुणं नाही, आणि लावायच्या आधी ग्रेचा व्हॉल्व्ह उघडा (ब्लॅकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा नाही हं, तो बंदच ठेवायचा).

पाण्याच्या बाजूला स्टीलच्या जाळीचे होज घ्या, कॅम्पग्राउंडच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा. डिटर्जंट एचई (हाय एफिशियन्सी, कमी फेसाचं), आणि तेही एखाद-दोन चमचेच. जास्त टाकलं की फेस, मग मशीन परत परत खळबळत बसतं.

पहिला वॉश कपड्यांशिवाय चालवा आणि तोवर प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर धरून बसा, थेंब लगेच दिसतो. गाडी निघायच्या आधी ड्रम रिकामा, दार बंद, दोन्ही नळ बंद, आणि शे-दोनशे मैल झाले की एकदा जोड परत तपासा, कारण रस्त्यावर सगळं हादरून ढिलं होतं. थंडीत गाडी उभी करणार असाल तर मशीनमध्ये गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) फिरवा, इनलेट व्हॉल्व्ह आणि पंप दोन्हींपर्यंत पोचायला हवं. पंपात राहिलेलं पाणी गोठलं तर पंप फुटतो.