जुनं लिमिटेड एडिशन एअर पिस्तूल घेण्याआधीची तयारी

मुलगी किंवा मुलगा १० मीटर एअर पिस्तूल नेटाने खेळतोय, क्लबच्या पिस्तुलावर गुण एका ठिकाणी अडकलेत आणि कोच म्हणताहेत की आता स्वतःचं वेपन हवं. नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, म्हणून घरात जुन्याची चौकशी सुरू होते. अशा वेळी नेमबाजांच्या एखाद्या ग्रुपवर फोटो येतो: वेगळ्या रंगाची बॉडी, बाजूला क्रमांकाची छोटी पट्टी, आणि खाली 'लिमिटेड एडिशन, फार कमी वापरलेलं'. ही यादी त्या क्षणासाठी आहे. फोन उचलून टोकन देण्याआधी ती एकदा सावकाश वाचा.

सुरुवात कागदांपासून करा, कारण इथे चूक झाली तर बाकी तपासणीला अर्थ राहत नाही. आपल्याकडे ४.५ मिलिमीटर बोअरचं (बॅरलच्या आतल्या व्यासाचं) आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेलं एअर वेपन परवान्याशिवाय ठेवता येतं. १० मीटरचं मॅच पिस्तूल अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा साधारण १५० मीटर प्रतिसेकंद वेगाने सोडतं, म्हणजे सुमारे ६ जूल. ते मर्यादेच्या बरंच आत बसतं. पण राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं ती २५ मीटर स्पर्धा .२२ च्या पिस्तुलाची. ते अग्निशस्त्र आहे आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं. जाहिरातीत नुसतं 'स्पोर्ट पिस्तूल' लिहिलं असेल आणि एअर की .२२ हे स्पष्ट नसेल, तर आधी तेवढंच विचारा. एअर असल्याची खात्री झाली की मूळ बिल मागा, आणि विकणाऱ्याने ते स्वतः बाहेरून आणलं असेल तर कस्टम्सचे कागदही. आयात करताना खेळाडू म्हणून शुल्कात सवलत घेतली असेल तर पुढच्या विक्रीला अट असू शकते. याबद्दल विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर थांबू नका, राज्य संघटनेला विचारून घ्या. विक्रीचा कागद साधा असला तरी चालेल, पण त्यावर मॉडेल, सिरियल नंबर, तारीख, दोघांच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती हव्यातच.

मॉडेल ठरवण्याचा अभ्यास घरी बसून जेवढा होतो, त्याहून जास्त रेंजवर होतो. ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पार्डिनी, जर्मनीची वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊ ही मुख्य नावं. पाचही कंपन्यांच्या पिस्तुलांनी मोठ्या स्पर्धा खेळल्या गेल्या आहेत, त्यामुळे 'सर्वांत चांगलं कुठलं' या वादात वेळ घालवू नका. बालेवाडीला, वरळीला किंवा तुमच्या गावच्या रेंजवर सर्वांत जास्त मुलं काय वापरतात ते बघा. त्याचा फायदा अडचणीच्या दिवशी कळतो. हवा भरायचा ॲडाप्टर शेजारच्या लेनवर मिळतो, ओ-रिंग कुणाच्या तरी पेटीत असते, आणि ते पिस्तूल उघडून दुरुस्त करणारा माणूस सगळ्यांना माहीत असतो. टोकियोमध्ये २०२१ साली पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि तिची अंतिम फेरी २ गुणांनी हुकली. सर्वोच्च पातळीवर, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली असलेलं वेपनसुद्धा बंद पडतं. तुमच्या जिल्ह्यात ज्याचा एकही सुटा भाग मिळत नाही असं दुर्मीळ पिस्तूल शाळकरी मुलाच्या हाती देणं मला योग्य वाटत नाही.

आता सिलिंडर. जुन्या पिस्तुलाच्या किमतीत सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो आणि घेणारे सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात. बॅरलखालच्या या नळीत २०० बारपर्यंत हवा भरलेली असते. तिच्यावर निर्मितीचा महिना आणि साल कोरलेलं असतं. उत्पादक सिलिंडरला ठरावीक मुदत देतात आणि आंतरराष्ट्रीय नियमांत ती जास्तीत जास्त १० वर्षं धरली जाते. सिलिंडर मुदतीत आहे की नाही हे बघण्याची जबाबदारी खेळाडूची असते. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न 'किती छर्रे मारलेत' हा विचारू नका. 'सिलिंडरवर कुठली तारीख आहे, त्याचा जवळून फोटो पाठवा' असं सांगा. बहुतेक पिस्तुलांबरोबर दोन सिलिंडर येतात, म्हणून दोन्हींचे फोटो घ्या. तारीख संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत काढा आणि ती सरळ मागितलेल्या रकमेतून वजा करून बोला. लिमिटेड एडिशनमध्ये सिलिंडरही बऱ्याचदा खास रंगाचा असतो. तसा परत मिळेलच असं नाही आणि मुदत संपल्यावर साध्या रंगाचा लावावा लागतो. संग्रह करणाऱ्याला ते खटकेल. खेळणाऱ्याला खटकायला नको, पण त्या रंगासाठी जादा पैसे मोजताना हे लक्षात असू द्या.

हवा गळते का, हे दहा मिनिटांच्या भेटीत कळत नाही. शक्य असेल तर सिलिंडर भरून पिस्तुलाला लावा, मीटरचा आकडा फोटोत टिपा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. भरल्यावर लगेच सिलिंडर गरम असतो आणि थंड होताना काटा थोडा खाली येतो, म्हणून फोटो तासाभराने घ्या. काटा उतरला तर तोच सिलिंडर सुटा ठेवून पुन्हा एक रात्र बघा. सुटा असताना दाब टिकला तर गळती पिस्तुलाच्या बाजूला आहे, म्हणजे बहुधा सील बदलायचे आहेत. ते काम जाणकार माणूस करू शकतो. रेंजवर कुणाकडे क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, असेल तर दहा-पंधरा छर्ऱ्यांचा वेग मोजून घ्या. एकूण वेग किती यापेक्षा एका छर्ऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तो किती बदलतो हे महत्त्वाचं आहे. काही मीटरांच्या आत राहिला तर ठीक. एक १५२ आणि पुढचा १४० असेल तर रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) किंवा व्हॉल्व्हचं काम निघणार, असं धरून चाला.

ग्रिपकडे मात्र नीट थांबून बघा. आधीच्या मालकाने अक्रोडाच्या लाकडाची ती मूठ स्वतःच्या हातासाठी कानशीने घासलेली असते, कुठे पुट्टी लावून फुगवलेली असते. त्याच्या हाताला ती जितकी नेमकी बसते, तितकी तुमच्या मुलाच्या हाताला चुकीची बसण्याची शक्यता जास्त. आधी उजवी की डावी ते बघा, मग साइझ. मुलाला पिस्तूल धरून डोळे मिटायला सांगा, हात लक्ष्याच्या उंचीवर आणू द्या, मग डोळे उघडायला सांगा. फ्रंट साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध आली तर मूठ जुळते आहे. मनगट वळवून ती मधे आणावी लागत असेल तर सामन्यातल्या ६० छर्ऱ्यांच्या ७५ मिनिटांत तो ताण गुणांमध्ये दिसणारच. तळहाताखालचा आधार बाहेर वळून मनगटाला वेढत नाही ना, हेही तपासा, कारण नियमाला ते चालत नाही. पूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं. पुट्टीने फुगवलेली ग्रिप ५० मिलिमीटरच्या जाडीत अडकू शकते. कंपनीची मूळ, न घासलेली ग्रिप विकणाऱ्याकडे पडून आहे का, हे अगत्याने विचारा. लिमिटेड एडिशनची ग्रिप बऱ्याचदा लॅमिनेटेड लाकडाची, दोन-तीन रंगांची असते आणि ती घासली की पूर्वीसारखी होत नाही. वाढत्या वयाच्या मुलाची मूठ वर्षा-दोन वर्षांत बदलते. ज्या ग्रिपला कानस लावायला तुमचा हात धजावणार नाही, ती मुलाच्या काही उपयोगाची नाही.

ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो आणि स्पर्धेत तो बॅरल उभी धरून वजन उचलून तपासतात. घेताना हीच चाचणी रेंजवरच्या वजनाने करा, एकदा नाही, लागोपाठ काही वेळा. ट्रिगर दाबताना पहिला टप्पा कुठे संपतो आणि दुसरा कुठे लागतो हे प्रत्येक वेळी सारखंच जाणवलं पाहिजे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर नवी बॅटरी सोबत न्या आणि ती टाकून पुन्हा बघा. एकेकदा क्लिक न होणं ही बॅटरीची कुरकुर नसून सर्किटची असू शकते, आणि ते सर्किट बाहेरून मागवावं लागतं. छर्रा न घालता सराव करायचा ड्राय फायर मोड, ट्रिगर यांत्रिक असो की इलेक्ट्रॉनिक, चालू आहे का तेही बघा, कारण घरचा निम्मा सराव त्याच्यावरच होणार आहे.

बाकीचं पटकन होतं. साइटचे स्क्रू फिरवून क्लिक मोजा, एका दिशेला दहा आणि परत दहा फिरवल्यावर छर्ऱ्यांच्या भोकांचा गट मूळ जागी यायला हवा. लोडिंग लिव्हर सैल नको. स्क्रूंची डोकी झिजलेली दिसली तर पिस्तूल कुणीतरी चुकीच्या पान्याने उघडलेलं आहे, तेव्हा का उघडलं ते विचारा. बॅरलच्या तोंडाशी गंज किंवा ओरखडा असेल तर पुढे न गेलेलं बरं.

पिस्तूल रेंजवर, टेकवून, मारून बघितल्याशिवाय घेऊ नका. १० चं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. चांगलं पिस्तूल हात स्थिर टेकवल्यावर पाच छर्रे जवळजवळ एकाच भोकात टाकतं. फिनाले मॅच किंवा आर १० सारखे दोन-तीन प्रकारचे मॅच छर्रे वापरून बघा, कारण प्रत्येक बॅरलला वेगळा छर्रा मानवतो. नव्या पिस्तुलाबरोबर कंपनी गट मारलेलं टेस्ट कार्ड देते. ते असेल तर त्यावरचा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. या सगळ्या वेळात पिस्तूल भरलेलंच आहे असं समजून हाताळा, सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी) लावल्याशिवाय टेबलावर ठेवू नका आणि विकणाऱ्याच्या दिवाणखान्यात छर्रा घालून बघायचा मोह कटाक्षाने टाळा. ६ जूल डोळा घालवायला पुरेसे आहेत.

हे सगळं पार पडलं तरच 'लिमिटेड एडिशन' या शब्दांकडे वळा. वाल्थरची एलपी ५०० ची 'माइस्टर मानुफाक्टूर' आवृत्ती, मोरिनीच्या १६२ चं टायटॅनियम रूप, किंवा खास रंगात काढलेली छोटी तुकडी, काहीही असो, सिरियल नंबर आणि फोटो कंपनीला ई-मेल करून हे पिस्तूल कारखान्यातून याच रूपात निघालं होतं का, कुठल्या साली, हे विचारा. ॲल्युमिनियमवरचा रंग नंतरही चढवून घेता येतो. म्हणून ग्रिप काढून आतल्या कडा आणि स्क्रूची भोकं बघा, रंग तिथेही सारखाच आहे का. मूळ पेटी, क्रमांकाचं प्रमाणपत्र, टेस्ट कार्ड आणि मूळ ग्रिप या चारही गोष्टी असतील तर जादा किंमत मागण्यात विकणाऱ्याचं चुकत नाही. त्यातल्या दोन नसतील तर साध्या मॉडेलचा जुना भाव धरा. त्याच मॉडेलचं साधं पिस्तूल जुन्यात काय भावाने जातंय हे आधी दोन-तीन ठिकाणी विचारून ठेवलं असेल तर बोलणी सोपी होतात. कोच आवर्जून सोबत न्या, पण पैशाचं बोलणं स्वतः करा. त्यांना दोन घरांच्या मधे उभं करू नका.

ताब्यात घेताना ॲडाप्टर, ॲलन कीचा संच, जादा ओ-रिंग, वजनाचे तुकडे आणि पुस्तिका यांची नावं विक्रीच्या कागदावरच लिहून घ्या. ॲडाप्टर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि तो विसरला तर पहिल्याच आठवड्यात पिस्तूल हवेविना पडून राहतं. गावाहून न्यायचं असेल तर बंद पेटीत, सोबत संघटनेचं ओळखपत्र आणि बिल ठेवून न्या. विमानाने जायचं झालं तर सिलिंडरबद्दल विमान कंपनीचा नियम तिकीट काढण्याआधी विचारा. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पेटीतला फोम पावसाळ्यात ओल धरून ठेवतो, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या आणि दर आठवड्याला तेलाच्या फडक्याचा एक हात एवढं नेमाने करा. सिलिंडर अगदी रिकामा न ठेवता थोडा दाब ठेवून, उन्हापासून दूर ठेवा. पेटीला कुलूप लावा आणि किल्ली मोठ्यांकडेच राहू द्या.