पुराचा अंदाज शिकवताना आकडे पिसू नका
कोयनेसारख्या धरणात उद्या किती पाणी येईल, याचा अंदाज न्यूरल नेटवर्कने (जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीने) बांधताना त्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसून शिकवणी आणि चाचणीत वाटू नका. लागोपाठच्या दिवसांची आवक बरीचशी सारखी असते. एक दिवस शिकताना पाहिला की शेजारचा आयता कळतो आणि अचूकता खोटी फुगते. २०१६पर्यंतच्या नोंदींवर शिकवा. नेटवर्कची जुळणी जनुकीय अल्गोरिदमने (अनेक रचना आजमावून पिढीगणिक चांगल्या निवडत जाणाऱ्या पद्धतीने) करत असाल, तर त्या निवडीसाठी त्याला २०१७ आणि २०१८ द्या. २०१९च्या महापुराचा पावसाळा मात्र शेवटच्या चाचणीसाठी राखा, तो त्यालाही दिसू देऊ नका, घात इथेच होतो. मग त्याच पावसाळ्यावर नेटवर्कची ‘आज आलं तेवढंच उद्या’ या साध्या अंदाजाशी तुलना करा. तो हरत नसेल, तर नेटवर्क मोठं करण्याआधी धरणाच्या पाणलोटातल्या महाबळेश्वर-नवजाचा पाऊस जोडून पाहा.