झुकत्या विलोच्या झुडपासाठी करावयाची तयारी

खाली झुकणाऱ्या फांद्यांचा शोभेचा विलो अंगणात हवा असे ठरले, की रोपवाटिकेत जाण्याआधी हातात टेप घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. नदीकाठच्या आपल्या वाळुंजाचाच हा भाऊबंद असल्यामुळे त्याची मुळे ओलाव्याच्या शोधात दूरवर जातात आणि एखादी भेगाळलेली सांडपाण्याची नळी सापडली की तिथेच जाळे विणतात. म्हणून विहीर, शौचालयाची टाकी आणि घराचा पाया यांपासून निदान तीस-चाळीस फूट अंतर सोडावे. बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरकडच्या दाट वस्तीत एवढी जागा कुठली मिळायला? तिथे ते तळाला भोके पाडलेल्या अर्ध्या पिंपात वाढवावे, मात्र उन्हाळ्यात रोज पाणी घालायची तयारी असेल तरच.

रोप घेताना एक पान चुरगळून वास घ्यावा. झुकत्या फांद्यांचे बॉटलब्रश विलो म्हणून एकदा माझ्याच गळ्यात पडले होते. बॉटलब्रशच्या पानाला लिंबासारखा वास येतो. विलोच्या पानाला तसा वास नसतो, त्याची कड बारीक दातेरी आणि खालची बाजू फिकट असते. सरळ खोडावर कलम केलेली, चंदेरी मऊ तुऱ्यांची किल्मार्नॉक ही बुटकी जात चित्रात मोहक दिसते, पण ती थंड मुलखातली. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तिच्यावर पैसे घालू नयेत. नावात बॅबिलोन असलेला, पण मूळचा चीनचा सॅलिक्स बॅबिलोनिका इकडे अधिक तग धरतो. तो मोकळा सोडल्यास मोठा वृक्ष होतो. झुडूप म्हणून राखायचा तर दरवर्षी छाटणी अटळ आहे.

ओळखीच्यांकडे झाड असेल तर रोप विकत घेण्याचीही गरज नाही. जानेवारीअखेर, नवी पालवी फुटण्याआधी, पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर कांडी घ्यावी, खालचा काप तिरका ठेवावा म्हणजे उलटी लागत नाही, आणि दोन तृतीयांश भाग ओल्या मातीत पुरावा. मुळे फुटण्यासाठी कसलीही पूड लागत नाही.

मृगाच्या पावसाआधी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा तयार असावा. बेळगाव-खानापूरची लाल माती पाणी फार लवकर सोडते, तेव्हा तीत कुजलेले शेणखत आणि तळ्याचा गाळ सढळ हाताने मिसळावा. निपाणीकडच्या काळ्या जमिनीत गाळाची गरज नाही. आषाढातल्या वाऱ्याने कोवळे खोड मोडते, म्हणून पश्चिमेच्या बाजूला बांबू रोवून सुतळीने सैल बांधावे. पाऊस संपला की बुंध्यापासून चार बोटे दूर उसाच्या पाचटाचा किंवा भाताच्या पिंजराचा थर द्यावा.

छाटणीची कात्री धारदार असावी आणि दर वर्षी माघात सुकलेल्या, गुंतलेल्या फांद्या काढून उरलेल्या बाहेरच्या दिशेच्या डोळ्यावर, म्हणजे कोंबाच्या जरा वर, कापाव्यात. मावा दिसल्यास आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा, निंबोळी अर्क त्यानंतर. खोडाला भोक आणि त्याखाली भुसा दिसला तर खोडकिडा समजून ती फांदी लगेच कापून जाळावी.