अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास वाचायचाय? आधी एक लांब कागद घ्या

नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी गेली काही वर्षं रविवारी सकाळी मुलामुलींना जगाचा इतिहास शिकवते, आणि अमेरिका आली की दरवेळी तेच होतं. पोरं सनावळी पाठ करून येतात, १६०७ जेम्सटाऊन, १७७३ बोस्टन टी पार्टी, १७७६ स्वातंत्र्य, १७८७ राज्यघटना, धडाधड म्हणून दाखवतात, आणि मग मी विचारते की १७७३ च्या कायद्याने चहा तर उलट स्वस्त झाला होता, मग तो समुद्रात का फेकला, की सगळा वर्ग गप्प. म्हणून मी शिकवायची पद्धत बदलली, तीच इथे लिहितेय. यूपीएससीवाल्यांना उपयोग होईलच, पण परीक्षा नसलेल्यांनीही करून बघा, विषय खरंच फार जिवंत आहे.

पहिलं काम कागदाचं. अप्पा बळवंत चौकातून तीन-चार मोठे कार्डशीट आणा, आडवे एकमेकांना चिकटवा, मधोमध एक रेघ मारा. रेघेच्या वर अमेरिका, खाली आपलं. डावीकडे १६०० लिहा, उजवीकडे १८१०. आणि अगदी वर मोठ्या अक्षरात एकच प्रश्न लिहा, पैसे कोणी द्यायचे आणि ते कोणाला विचारून ठरलं? हा प्रश्न प्रत्येक घटनेला विचारत जायचं, दोनशे वर्षं कुठे तुटत नाहीत.

आता सुरुवात कोलंबसापासून करू नका, त्यात महिना जातो. १६०७ पासून करा. व्हर्जिनियातलं जेम्सटाऊन ही राजाने वसवलेली वस्ती नाही, ती व्हर्जिनिया कंपनीची, म्हणजे लंडनमध्ये भागधारकांनी पैसे घातले आणि माणसं नफा कमवायला पाठवली. सोनं मिळालं नाही. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने सुमारे ५०० माणसांतली ६० च्या आसपास उरली. आणि ती जमीन काही रिकामी नव्हती, तिथे पौहाटन लोकांची गावं होती, शेती होती, हे कागदावर आधी लिहा, नाहीतर पुढचा सगळा इतिहास वाकडा दिसतो. मग तंबाखू सापडली आणि सगळं फिरलं, कारण तंबाखूला जमीन लागते आणि हात लागतात. जमीन मूळ रहिवाशांकडून घेतली. हात आधी करारावर आणलेल्या गरीब इंग्रजांचे, नंतर गुलामांचे.

१६१९ ला थांबा, इथे घाई नको. त्या एकाच वर्षी व्हर्जिनियात जुलैअखेरीस वसाहतीच्या लोकांनी निवडलेली पहिली सभा भरली, आणि महिनाभरात, ऑगस्टच्या अखेरीस, पकडून आणलेल्या आफ्रिकन माणसांना घेऊन एक जहाज तिथल्याच किनाऱ्याला लागलं. वीसएक माणसं, धान्याच्या बदल्यात दिली. सभा आणि गुलामी एकाच वसाहतीत एकाच उन्हाळ्यात सुरू होतात, हे मी वर्गात सांगते तेव्हा खाली शांतता असते, असायलाच हवी. कागदावर दोन्ही नोंदी एकाच चौकटीत लिहा, वेगळ्या करू नका.

बाकी, १३ वसाहतींची नावं घोकायची गरज नाही. तीन गठ्ठे करा. उत्तरेला न्यू इंग्लंड, धर्मासाठी आलेले प्युरिटन (कडक प्रोटेस्टंट पंथाचे इंग्रज), १६२० प्लिमथ आणि १६३० मॅसॅच्युसेट्स बे (रेघेच्या खाली १६३० ला शिवनेरी लिहा, मग हे साल जन्मात विसरणार नाही), तिथे मासेमारी, जहाजं, व्यापार. मधल्या वसाहती, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, गहू आणि नाना देशांचे लोक. दक्षिणेला तंबाखू, भात, नीळ आणि गुलाम. बस. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, जवळपास प्रत्येक वसाहतीत निवडलेली सभा होती आणि स्थानिक कर तीच लावायची. ही दीडशे वर्षांची सवय आहे, आणि पुढचं भांडण या सवयीचं आहे.

मग एकदम १७६३ ला उडी मारा. फ्रान्सशी सात वर्षांचं युद्ध संपलं, ब्रिटन जिंकलं, पण कर्ज जवळपास दुप्पट झालं. खाली बघा, १७५७ प्लासी, १७६१ पानिपत. लंडनला वाटलं की अमेरिकेच्या रक्षणाचा खर्च थोडा अमेरिकेने उचलावा, आणि १७६५ ला स्टॅम्प ॲक्ट आला. हा पुण्यातल्या माणसाला समजावणं सगळ्यात सोपं. घरातला भाडेकराराचा कागद काढा आणि त्यावरचा स्टॅम्प बघा. आता कल्पना करा की कोर्टाचा कागद, लायसन्स, वर्तमानपत्र, अगदी पत्त्यांचा जोड, सगळ्याला असा शिक्का लागणार आणि तो कायदा अशा संसदेने केलाय जिथे तुमचा एकही माणूस निवडून जात नाही. वकील, छापखानेवाले, व्यापारी, म्हणजे बोलणारी आणि लिहिणारी सगळी माणसं एकाच फटक्यात चिडली. पुढच्याच वर्षी कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा केला की वसाहतींना लागू होणारा कुठलाही कायदा करायचा हक्क संसदेचाच. तुम्ही हा दुसरा कायदा विसरू नका, पुस्तकात तो एका ओळीत असतो पण गाठ तिथेच आहे.

आता १७७३, माझी सगळ्यात आवडती चौकट. खाली लिहा, ३० ऑगस्ट, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून. वर लिहा, १६ डिसेंबर, बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या चहा पाण्यात. साडेतीन महिन्यांचं अंतर. आणि दोन्हीकडे कंपनी एकच, ईस्ट इंडिया कंपनी. १७७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर कंपनी कर्जात बुडाली, लंडनच्या गोदामांत चहा पडून, तेव्हा संसदेने तिला वाचवायला अमेरिकेत थेट आणि स्वस्तात चहा विकायची परवानगी दिली, पण जुना तीन पेन्सचा कर तसाच ठेवला. म्हणजे स्वस्त चहा घेतला की तो कर आपोआप मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून फेकला. शिवाय स्थानिक व्यापाऱ्यांचा धंदाही बसणार होता, तेही कारण लिहा, नुसतं तत्त्व लिहू नका. आणि त्याच कंपनीचे मुंबईचे अधिकारी १७७५ ला राघोबादादांशी सुरतेचा तह करून पुण्याच्या राजकारणात घुसले.

इथून तारखा जोडीने भरा. १७७६ मार्च पुरंदरचा तह, जुलै अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. १७७९ जानेवारी वडगावला इंग्रज फौजेला मराठ्यांपुढे तह करावा लागला (लोणावळा लोकलने जाताना लागतं ते वडगाव), १७८१ ऑक्टोबर अमेरिकेत यॉर्कटाऊनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण. १७८२ सालबाईचा तह, इकडे मराठ्यांशी युद्ध संपलं, १७८३ पॅरिसचा तह, तिकडे अमेरिकेशी. आणि हाच कॉर्नवॉलिस १७८६ ला गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला, बंगालमधली जमीनमहसुलाची कायमधारा पद्धत त्याचीच. पोरांना हे कळलं की दोन वेगळे वाटणारे धडे एकदम चिकटतात.

जाहीरनामा मूळ वाचा, छोटा आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साईटवर फुकट मिळतो. पण सुरुवातीचा प्रसिद्ध परिच्छेद नंतर, आधी मधला भाग, राजाविरुद्धच्या २७ तक्रारींची यादी. प्रत्येक तक्रारीपुढे पेन्सिलीने लिहा, कर, कोर्ट, सैन्य की सभा. आणि मग वरचा परिच्छेद वाचा, सगळी माणसं समान, आणि लक्षात ठेवा की लिहिणारा जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता, मसुद्यातला गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा भाग काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, काढून टाकला.

राज्यघटनेकडे जायच्या आधी आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, म्हणजे घटनेआधीचा १३ राज्यांचा आपसातला करार, कळलाच पाहिजे, बहुतेक जण इथे पान उलटतात. वहीचं पान मधोमध दुमडा, डावीकडे दुखणं, उजवीकडे औषध. दुखणं, काँग्रेसला कर लावता येत नव्हता, राज्यांकडे नुसते पैसे मागायचे, दिले तर दिले. आयातीवर ५ टक्के कर लावू द्या म्हणून विचारलं तर १७८२ ला एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं आणि विषय संपला, कारण बदलाला १३ च्या १३ राज्यं लागायची. दुखणं, राष्ट्रपती नाही, देशाचं न्यायालय नाही. मग १७८६ ला मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने आणि करांनी पिचलेले शेतकरी उठले, त्यात युद्धात लढलेला कॅप्टन डॅनियल शेज होता, त्यांनी कर्जवसुलीची कोर्टं बंद पाडली, आणि बंड मोडायला सरकारी तिजोरीत पैसेच नव्हते, बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली. श्रीमंत लोक घाबरले ते इथे.

औषध, म्हणजे नवी राज्यघटना, १७८७ ला फिलाडेल्फियातल्या सभेत. २५ मे ते १७ सप्टेंबर, खिडक्या-दारं बंद, आतली चर्चा बाहेर सांगायची नाही, ५५ जण आले, ३९ जणांनी सह्या केल्या, ऱ्होड आयलंड आलंच नाही. आता पहिल्या कलमाचा आठवा भाग उघडा, काँग्रेसच्या अधिकारांची यादी. पहिलाच अधिकार कोणता? कर लावायचा. करावरून युद्ध केलेल्या लोकांनी नव्या सरकारला सगळ्यात आधी कराचाच अधिकार दिला, फरक इतकाच की आता विचारायला आपली माणसं आत बसली होती. कागदाच्या वर लिहिलेला प्रश्न इथे परत वाचा.

पण कोणाची माणसं? मोठी राज्यं म्हणाली लोकसंख्येवर जागा द्या, छोटी म्हणाली सगळ्यांना सारख्या, म्हणून दोन सभागृहं. आणि दक्षिणेने गुलाम मोजून घेतले, लोकसंख्येत पाच गुलामांमागे तीन माणसं धरली, त्यांना मतदान शून्य. मूळ घटनेत गुलाम हा शब्दच नाही, ‘इतर व्यक्ती’ असं लिहिलंय, स्वतः शोधून अधोरेखित करा.

पुढचं भराभर. ९ राज्यांची मान्यता हवी होती, जून १७८८ ला न्यू हॅम्पशायर नववं. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी घटनेच्या बाजूने ८५ लेख (फेडरलिस्ट पेपर्स) लिहिले, त्यातले १० आणि ५१ नंबरचे वाचा, बाकी सवडीने. ३० एप्रिल १७८९ न्यूयॉर्कला वॉशिंग्टनचा शपथविधी. १७९१ ला पहिल्या दहा दुरुस्त्या, नागरिकांचे हक्क. आपल्या घटनेशी तुलना विचारली तर एक फरक नक्की लिहा, तिथे केंद्राला न दिलेले अधिकार राज्यांकडे राहतात, आपल्याकडे शेषाधिकार केंद्राकडे.

कागदाच्या उजव्या टोकाला १८०८ ची चौकट रिकामी ठेवली असेल तर आता भरा. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर त्या वर्षाआधी बंदी घालायची नाही असं घटनेत लिहून घेतलं होतं, आणि १ जानेवारी १८०८ पासून ती बंदी लागू झाली. देशातल्या देशात विक्री चालूच राहिली. तिथून बाण काढा आणि नवा कार्डशीट चिकटवा, कारण यादवी युद्ध त्याच बाणाच्या टोकाला आहे.