मंडळाचं स्वप्न सगळ्यांचं कसं करायचं

बडोद्यात मराठी मंडळ चालवताय, नवीन जबाबदारी अंगावर आलीय, तर "आपल्याला खूप पुढे जायचंय" असलं काही बोलूच नका, त्यातून कुणाच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचं बघा ना, सगळ्यांना शिक्षण एवढं मोठं स्वप्न, पण १८९३ ला आधी अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि मग १९०६ ला अख्ख्या संस्थानात नेलं. तुम्हीही एकच वाक्य करा, त्यात माणसं, जागा आणि मुदत हवी: "पुढच्या गणपतीपर्यंत दांडिया बाजारातल्या आपल्या पोरांना मराठी वाचता येईल." घरी मराठी बोलणारी पण शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी शिकणारी मुलं आहेत ही, आईबापांना हे लगेच भिडतं.

मग ते व्हॉट्सअॅपवर टाकून मोकळं होऊ नका. आधी जुन्या काका-काकूंकडे चहाला जा, ऐकून घ्या, वाक्य बदलावं लागलं तर खुशाल बदला, त्यांचा एखादा शब्द त्यात आला की तेच पुढे चार घरी सांगतात. मीटिंगमध्ये एखाद्या पोरीला गोष्टीचं पान वाचायला सांगा, अडखळली तरी चालेल, भाषणापेक्षा ते कितीतरी जास्त पोचतं. आणि कुठवर आलोय हे दर महिन्याला, कुणी विचारायच्या आधीच सांगत राहा.