बोट टेकताच वाजणारा भूप

एमपीआर१२१ या इवल्याशा सेन्सर बोर्डवर स्पर्श ओळखणारे बारा बिंदू असतात. ते कळल्यावर मला वाटलं, वा, बाराच्या बारा स्वर बसले! तसं वाद्य केलंही. पण वरच्या साला जागाच उरली नाही, आणि वरचा सा नसेल तर तान नेऊन टेकवायची कुठे? दुसऱ्या खेपेला मुकाट पाच स्वरांचा भूप राग घेतला. सा रे ग प ध दोनदा, वर आणखी एक सा, अशा अकरा पट्ट्या. बारावी तानपुऱ्याला.

जोडणी सोपी आहे. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या १ नंबरच्या पिनेवरून ३.३ व्होल्ट घ्या, ३ नंबर सेन्सर बोर्डच्या एसडीए या टोकाला, ५ नंबर एससीएलला, ६ नंबर ग्राउंडला. शेजारच्या २ नंबरवर ५ व्होल्ट असतात, तिकडे तार जाऊ देऊ नका. पायच्या सेटिंगमध्ये आयटूसी, म्हणजे या दोन तारांवरून चिपशी बोलायची सोय, चालू करा. चिप ५ए या पत्त्यावर दिसली की जोडणी बरोबर. रास्पबेरी पाय ५ या मॉडेलला हेडफोनचा जॅक नाही, त्याला यूएसबी साउंड कार्ड लागेल.

पट्ट्यांसाठी चिकट तांब्याची टेप जाड पुठ्ठ्यावर लावा आणि प्रत्येकीला तार सोल्डर करा. तारा आखूड ठेवा. मी हातभर लांब तारांची नीटनेटकी जुडी बांधली होती. ग ला बोट लावलं की प सुद्धा हुंकारायचा. तारही स्पर्श ओळखते, हे तेव्हा डोक्यात शिरलं. जुडी सोडली, तारा कापल्या, प गप्प झाला. आणखी एक: प्रोग्रॅम सुरू होताना चिप प्रत्येक पट्टीची मूळ पातळी मोजून ठेवते. तेवढा वेळ हात लांब ठेवा.

आता खरी गंमत, आवाजाची. पायथनमध्ये प्रत्येक स्वराचा एकेक सेकंदाचा तुकडा तयार करायचा आणि बोट असेपर्यंत तो फिरवत राहायचा. मी आधी सा २६१.६३ हर्ट्झचा घेतला, तर दर सेकंदाला ‘टक्’! सेकंदात पूर्ण लहरी बसत नव्हत्या, त्यामुळे तुकड्याचं शेपूट तोंडाला जुळत नव्हतं. मग सा २४० केला. रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४००, सगळे पूर्णांक. टक् गेलं, शिवाय ग असा काही लागला की हार्मोनियमवर तसा कधी लागला नव्हता. तानपुऱ्याच्या पट्टीला १८० आणि १२० एकत्र द्या. एकदा टेकलं की सुरू, पुन्हा टेकलं की बंद.

नुसती साइन लहर शिट्टीसारखी वाटते. तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं उतरत्या जोराने मिसळा. पायगेम या पायथनच्या लायब्ररीतला आवाज वाजवणारा मिक्सर ४८००० हर्ट्झवर, बफर ५१२ नमुन्यांचा ठेवा; त्याने साधारण ११ मिलिसेकंदांची भर पडते, ती बोटाला कळत नाही. चॅनेल, म्हणजे एका वेळी वाजू शकणारे आवाज, १६ करा, मुळात आठच असतात. स्वर १५ मिलिसेकंदांत चढवा, बोट उचलल्यावर १५० मध्ये विरू द्या. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र या वाद्यात नाही, तो नाद सोडा.

२४० तुमच्या गळ्याला जमत नसेल, तर २४ ने भाग जाणारा कोणताही सा घ्या, म्हणजे बाकीचे स्वर पूर्णांकच राहतात. मी गाताना २१६ घेतो.